फोटोतली ताई

घोडबंदर रोडला, ओवळ्याच्या आत,
जिथे आधी टाइल्सचं गोडाऊन होतं
तिथे आता कोल्हापूरचा बंगला आहे.
तीन भिंतींचा.
चौथ्या भिंतीच्या जागी मी बसायचे,
प्लास्टिकच्या स्टुलावर, मांडीवर रजिस्टर.

कॉलेजच्या पत्रात होतं: पंचेचाळीस दिवस, प्रत्यक्ष अनुभव.
अनुभव असा:
सीन बेचाळीस. चहा अर्धा कप, कपाचा कान उजवीकडे.
सासऱ्यांचा चष्मा खिशात, पेपर दुसऱ्या घडीवर.
पदराला दोन पिना, दिसणारी एक.
हिरव्या बांगड्या अकरा,
बारावी मघाशी फुटली,
पण गोष्टीत ती अजून फुटायची आहे,
म्हणून बारा.

"लिही," निर्झरा मॅडम म्हणायच्या, "डोक्यात ठेवू नकोस.
डोकं जुळवून घेतं."
चौदा वर्षं त्या हेच करत होत्या.
नवरा संध्याकाळी दार उघडतो, म्हणाल्या,
आणि मी आधी बघते,
सकाळचाच शर्ट आहे ना.

अठराव्या दिवशी चॅनेलचा फोन:
नायिकेला एक मेलेली बहीण हवी. दुपारपर्यंत.
बजेटमध्ये बहीण नव्हती.
दिग्दर्शकाची नजर सेटभर फिरली,
लाइटवाल्यांवरून, वरणभाताच्या पातेल्यांवरून,
आणि स्टुलापाशी थांबली.
"हिचा लावा. चेहऱ्यावर फार काही नाहीये."

लायब्ररी कार्डासाठी काढलेला फोटो मोबाइलमध्ये होता.
कासारवडवलीच्या झेरॉक्सवाल्याने मोठा केला,
चाळीस रुपये, माझेच.
सेटिंगच्या रमजानचाचांनी फ्रेम आणली,
चंदनाचा हार घातला,
दोन पावलं मागे जाऊन बघितलं,
हार जरा डावीकडे ओढला.
मी लिहिलं: हार, डावीकडे कललेला.

नायिका माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी.
ग्लिसरीन घालून माझ्यासमोर हात जोडायची,
"ताई, आज तू असतीस तर!"
आणि ताई समोरच बसून
तिच्या बांगड्या मोजत असायची.

लोकमान्यनगरच्या खोलीत, साडेसातला,
आईने एकदाच पाहिलं.
बोलली नाही काही. उठली,
मीठ-मोहऱ्या आणल्या,
माझ्यावरून उतरवल्या,
मग थोडी थांबून
टीव्हीवरूनही.
बाबा शेवटच्या पाट्या वाचत राहिले,
स्पॉटबॉय, ड्रायव्हर, आभार.
"मेलेल्यांचं नाव घालत नसतील," म्हणाले,
आणि हसले,
आणि मग रिमोट शोधायला लागले
हातातच असलेला.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं.
प्रणोतीचं प्रणिती झालं होतं.
मानधनाचं पुढच्या महिन्यात बघू.
त्याच आठवड्यात मालिका सात वर्षं पुढे गेली,
बंगल्याला पिस्ता रंग लागला,
भिंतीवरून ताई उतरली.

मी म्हटलं, चाचा, फोटो नेऊ? आईला तो इथे नकोय.
त्यांनी मागचे खिळे सोडवले, पुठ्ठा काढला.
माझ्यामागे एक मुलगा निघाला, चेक्सचा शर्ट.
त्याच्यामागे दोन वेण्यांची एक.
तिच्यामागे आणखी कोणी, ओल लागून कपाळ गेलेलं.
"हा हैदराबादला एडिटिंग करतो आता.
ही नाशकात, शाळेवर.
हा...
थांब, चहा सांडायचा नेहमी, काय बरं नाव."
नाव आठवलं नाही.
"सगळे आहेत पण," चाचा म्हणाले,
"फ्रेम चांगली आहे आपली."

माझा पुन्हा आत सरकवला मी.
सगळ्यांच्या वर. सध्या.

परत येताना टीएमटीत उभी होते,
मेट्रोच्या खांबांचे आकडे मागे जात होते.
पुढच्या सीटवर एक बाई, हातात सात बांगड्या,
एक काचेची, बाकी साध्या.
रजिस्टर मॅडमकडे जमा होतं.
माजिवड्याला ती उतरली
तेव्हा परत मोजल्या.