आमचा स्टँड

आम्ही अख्ख्या पारडीला कूलरचे स्टँड विकले.
पंचवीसची पातळ अँगल, डझनाच्या भावात,
वर हिरवा रंग. मे महिन्यात गिऱ्हाईक
रंग ओला असतानाच उचलून न्यायचं,
बोटांचे ठसे त्याचे त्याच्या घरी.
आणि आमचा स्वतःचा व्हाइस
एका मोडक्या टेबलावर. टेबलाखाली दोन विटा,
विटेखाली बिडीबंडलाच्या कागदाची घडी.
कानस चालली की टेबलही चालायचं.
भिंतीपासून निघालेलं दुपारी दारात यायचं.
संध्याकाळी मी आणि कवडूजी
त्याला दोन्हीकडून धरून घरी परत नेत असू.

दिवाळी सरली, काम बसलं.
"आता एखादा आपल्यासाठी कर," कवडूजी म्हणाले.
मी आयटीआयची. कागद काढला, पेन्सिल तासली.
चार पाय, चार तिरप्या पट्ट्या, मापं मिलिमीटरात.
त्यांनी कागद पाहिला, दुमडला नाही, परत दिला.
मग उकिडवे बसून कोब्यावर खडूचे तीन ठिपके काढले.
"चार पाय म्हशीले ठीक वं.
ते आपला पाय उचलून बरोबर ठेवते.
लोखंडाले कोन सांगन?
आपली जमीनच खोटी हाये."
मी म्हटलं, तीन पायांचं कलंडतं,
कानशीचा धक्का एकाच बाजूचा असतो.
"मंग जिकडं जोर जाते, तिकडं पाय फाकव."

बोअरच्या केसिंगचा सहा इंची तुकडा, मधला खांब.
पायांना चॅनल.
वरची प्लेट सोळा मिलिमीटरची, इतवारीतून किलोवर आणली;
भंगारवाल्यानं काटा मारला, आम्हाला कळला,
त्याला कळलं की आम्हाला कळला,
त्यानं वर मूठभर बोल्ट टाकले.

वेल्डिंग मी केलं. आधी समोरासमोर टाके,
कारण वेल्ड गार होता होता
ज्या बाजूनं पहिला हात लावला
त्या बाजूला सगळं ओढून घेतं.
एक पाय तसा ओढला गेलाच.
कवडूजी काही बोलले नाहीत, ग्राइंडर आणून दिला.

कन्हानची रेती त्यांनी पत्र्यावर भाजली,
पापड भाजावा तशी, हात मागंपुढं करत.
ओली रेती कोंडली तर वाफ धरते,
वेल्डिंगच्या वेळी तोंडावर फुटते.
मी ओतत होते, ते हातोडीनं खांब ठोकत होते.
खाली थप्प, वर अजून घंटा.
थप्प वर वर सरकत आलं.
मग घंटा उरली नाही.
झाकण वेल्ड करून मी ठोकून पाहिलं:
खांब म्हणजे भरल्या पोटाचा माणूस,
हाक मारली तरी ओ देत नाही.

उंचीचं आमचं बोलणंच झालं नव्हतं.
एकदा ते "टेप धर" म्हणाले, मी धरला,
त्यांनी पाइपवर खूण केली, तेवढंच.
व्हाइस बसला. मी सवयीनं
पायाखाली घ्यायची फळी शोधायला लागले.
आयटीआयत तीन बॅच ज्या फळीला माझ्या नावानं हाक मारत,
तिची धाकटी बहीण इथंही होती.
ती लागली नाही. हात दुमडला,
कोपर बरोबर व्हाइसच्या जबड्यावर.
"कवडूजी, तुम्हाला हा खाली पडतो."
"तुकडाच लहान भेटला वं," ते म्हणाले
आणि चहा सांगायला बाहेर गेले.

खिडकीत वेल्डिंगच्या कांड्या उभ्या असतात,
वीतभर उंचीच्या केसिंगच्या नळकांड्यात.
बुडाला नवी चकती. वेल्ड माझा नाही.

मार्च लागला, ऑर्डरी आल्या,
पंचवीसची अँगल, हिरवा रंग.
टेबल विकलं, स्टँड तसूभरही हलत नाही,
संध्याकाळी कुणाला घरी न्यायचं नसतं.
सहा फुटी कवडूजी कानस घेतात,
आणि उंची उतरवायला
दोन्ही पाय लांब फाकवून उभे राहतात,
जिकडं जोर जातो तिकडं.