शब्द

फेब्रुवारीत मिनेसोटात सगळंच खाली पडतं.
पारा, छपरावरचा बर्फ,
पार्किंगमध्ये मी, दोनदा.
फक्त आमदारांचा शब्द तेवढा
खाली पडू द्यायचा नाही
असं डीन एल्सवर्थ म्हणाले.
म्हणजे, म्हणाले नाहीत.
दारात उभं राहून बराच वेळ चष्मा पुसला,
मग, "आपलं बजेट मार्चमध्ये सभागृहात येतंय, लोर्ना."
आणि जाताना दार हळू लावून घेतलं,
आजारी माणसाच्या खोलीचं लावतात तसं.

जागा एक उरलेली. फायली दोन.

ग्रेडी लिंडस्ट्रॉम.
निबंधात हॉकी, मोडलेला गुडघा, जिद्द.
पोरगा वाईट नाही.
वाईट असता तर किती सोपं होतं.

पा न्हिया मुआ.
मामाच्या दुकानात गळाला लावायचे मासे विकते.
थंडीत पहाटे तळ्यावर जाते,
बर्फाला भोक पाडून पट्टी आत सोडते
आणि दुकानाच्या दारावर खडूनं जाडी लिहिते.
चार इंच असेल तर माणूस चालेल,
बारा असेल तर ट्रक.
"एकदा एकानं वीस डॉलर पुढे केले," तिनं लिहिलंय,
"म्हणाला, उद्या आमची स्पर्धा आहे, बारा लिही.
बर्फ नऊ होता.
मी नऊ लिहिलं.
मामा आठवडाभर बोलला नाही."

हे मी दोनदा वाचलं.
कॉफी गार झाली, ती तशीच प्यायले.
खिडकीतून बर्फ उपसणारी गाडी
मागे जाताना ओरडत होती.
मग पंधरापैकी गुण द्यायच्या रकान्यात
ग्रेडीच्या नावापुढे
नऊच्या जागी बारा लिहिलं.

मला तर कुणी वीस डॉलरही दिले नाहीत.

तिचं पत्र आलं एप्रिलमध्ये.
तक्रार असेल म्हणून दोन दिवस फोडलंच नाही.
आत एकच ओळ, शाईनं :
माझा निबंध कुणीतरी नीट वाचला असेल, तर आभार.

बजेट मंजूर झालं. ग्रंथालयाला नवं छप्पर मिळालं.

काल संध्याकाळी पार्किंगमध्ये
खोकं घेऊन मी पायरीवर अडखळले,
तर एक उंच मुलगा धावत आला.
ओळखपत्र गळ्यात, नाव वाचता येत होतं.
त्याला माझं नाव माहीत असायचं कारण नाही.
खोकं त्यानं काखेत मारलं,
दुसरा हात पुढे केला.
"जपून हं, इथं दिसत नाही, पण खाली बर्फ आहे.
धरा."

मी धरला.