लिंबूटिंबूंची स्पर्धा

कीथलीच्या मेथडिस्ट हॉलची मागची खोली
गुरुवारी सहा ते नऊ आमची.
नऊला रखवालदार येतो
आणि सांगून नव्हे, खोकून उठवतो.

पोस्टर मीच लावली: लाँड्रेटमध्ये,
हलाल खाटकाच्या काचेवर, दातांच्या दवाखान्यात.
'खेळ रचा. दोन पानं, एक फासा. विषय: किल्ली.
बक्षीस पंचवीस पौंड आणि
नोरीनच्या आईनं विणलेली फाशांची पिशवी.
ज्यांचा खेळ आजवर कुठे छापून आलाय
त्यांनी कृपया पाठवू नये.'

म्हणजे लिंबूटिंबूंची स्पर्धा.
हा शब्द इथे कुणाला समजावता येत नाही मला:
तो खेळात असतो, धावतो, ओरडतो,
पण बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही.
साताऱ्याच्या बोळात मी सहा वर्षांची होईपर्यंत तीच होते.
इथेही, एकोणीस वर्षं कर भरून, अधूनमधून.

क्लाइव्ह म्हणाला, चार येतील.
चौदा आले.
हौशे आले, नवशे आले, एक गवशाही,
त्यानं फक्त विचारलं, पैसे रोख देणार का.
एक खेळ गिरणीतल्या भुतांचा,
एकच फासा दोनदा टाकून मरायच्या छत्तीस तऱ्हा.
दंतवैद्याचा, ड्रॅगनच्या अक्कलदाढेचा.
एकानं एकोणीस पानं दोन पानांत कोंबली, मुंगीएवढ्या अक्षरांत.
क्लाइव्हनं आधी भिंग धरलं, मग नियमावर बोट ठेवलं: बाद.
लिंबूटिंबू बाद होत नसतो, मी म्हटलं.
क्लाइव्ह बॅराक्लफ, चाळीस वर्षं
बसची वेळापत्रकं आखलेला माणूस,
समाससुद्धा पट्टीनं मोजतो.

चौदावा पेन्सिलीनं,
बिस्किट कारखान्याच्या पाठकोऱ्या चलनावर.
नाव नाही. बिंग्लीचा पत्ता.

'एकजण दाराच्या आत, एकजण बाहेर.
बाहेरच्याजवळ किल्ली आहे, ती आता लागत नाही.
आतला विचारतो, कोण?
बाहेरच्यानं सांगायचं. आतल्यानं फासा टाकायचा.
सहा पडला तर दार उघडतं.
नाही तर पुन्हा, कोण?
एकदा दिलेलं उत्तर दुसऱ्यांदा चालत नाही.'

बस्स.
शेवट कुठाय, क्लाइव्ह म्हणाला,
पूर्णतेला दहापैकी दोन.

पण खेळून पाहिल्याशिवाय गुण नाहीत
हा नियमही त्याचाच.
तो आत बसला. नोरीन बाहेर,
म्हणजे टेबलापलीकडे. मध्ये कपबशा.

कोण? नोरीन.
दोन.
कोण? औषधाच्या दुकानातली.
तीन.
कोण? जिच्या कचऱ्याच्या डब्यावरून तुम्ही पत्र लिहिलं होतं, ती.
पाच. खूप हसलो.
कोण? युसुफची आई.
कोण? भाड्याचे पैसे आणलेत.
कोण? इथेच जन्मले हो मी, या गावात.
एक.
यावर हसणं थोडं कमी झालं.

तेरावं दान. परत एक.
कोण?
नोरीन गप्प. रेडिएटर टकटकला.
मग म्हणाली,
थंडी वाजतेय.

हे उत्तर धरायचं का?
मी चलन उलटंपालटं करून पाहिलं.
एका बाजूला नियम, दुसऱ्या बाजूला
कस्टर्ड क्रीमचे बारा खोके.

क्लाइव्हनं फासा टाकला.
चार.
चार त्यानं पाहिला, आम्ही पाहिला.
मग जाड बोटानं, कसलीही घाई न करता,
झोपलेल्याची कूस बदलावी तसा
त्यानं तो वळवला.
सहा.

या, म्हणाला.
रखवालदार दाराशी खोकला.

बक्षीस गिरणीतल्या भुतांना दिलं.
त्यांचा तक्ता चोख होता,
आणि क्लाइव्हनं दोनाचे तीन केले, जास्त नाही.

आता चौदाजणांना अभिप्राय लिहायचा
आणि राज्य माझ्यावर.
तेरा एका रविवारात झाले.
चौदावा तीनदा फाडला:
एकदा फार कौतुक, एकदा फार शहाणपण,
एकदा नुसतंच 'प्रिय'.

शेवटी एवढंच टाकलं पेटीत:

'सहा नाही पडला,
आणि तरी दार उघडावंसं वाटलं, तर काय,
हे तुमच्या नियमांत नाही.
लिहू नका.'