पिठ्या

उणे एकावन्न.
खिडकीच्या तिसऱ्या काचेपलीकडे धुकं इतकं साचलंय
की समोरची इमारत आज उगवलीच नाही.
शाळा बंद. लेना नदीवर ट्रक चालतायत.
आमच्या घराखाली खांब, खांबांखाली कधीच न वितळलेली जमीन,
आणि वर, तिसऱ्या मजल्यावर,
जास्वंदीला कीड.

झोया लेकीकडे दक्षिणेला गेली तेव्हा हे झाड ठेवून गेली.
महिन्याभरासाठी, म्हणाली होती.
चार वर्षं झाली त्याला.

पानाच्या बगलेत कापसाचा कण.
वाटलं, माझ्याच शालीचा असेल.
फुंकर मारली, हलला नाही.
नखाने चिरडला तर बोटाला गुलाबी ओल.
जिथे मे उजाडेपर्यंत माशी जन्मत नाही
तिथे हा पिठ्या ढेकूण आला कुठून?

"बाल्कनीत ठेव," इनोकेंती म्हणाला,
"मिनिटभरात मरतील सगळे."
"आणि झाड?"
"तेही."
वर्तमानपत्राआडून त्याचे खांदे हसले.

साबणाचं पाणी झालं.
लसणाचं झालं, तीन दिवस उशीलाही वास.
बियाणांच्या दुकानातली बाई म्हणाली,
स्पिरिट नसेल तर व्होडका घ्या,
कापसाने पुसायचं, एकेक पान, वरून, खालून.
किती सहज म्हणाली!
आमच्या घरात अकरा वर्षं
खोकल्याच्या औषधाचंही लेबल वाचून घेतलं जातं.

आणली.
पिठाच्या डब्यामागे ठेवली,
लेबलावर पेन्सिलीने रेघ मारून.
त्या रेघेची लाज मला अजून वाटते.
तो झोपला की दिवा लावायचा,
चोरासारखी पानं पुसायची,
खिडकीची फट उघडून वास बाहेर हाकलायचा;
फटीतून थंडी सुरीसारखी आत.

चौथ्या रात्री तो दारात उभा.
"मला वास येतो, कुन्नेय.
झाकण बंद असलं तरी येतो."
मी काही बोलले नाही. काय बोलणार?
त्याने खुर्ची ओढली, चष्मा पुसला.
"तू ओत. झाकणभरच.
बाटली माझ्या हातात देऊ नकोस."

बर्फाच्या रस्त्यावर उघड्यावर टायर बदललेले हात ते,
दोन बोटांची टोकं तिथेच राहिली.
त्या हातात कान कोरायची काडी.
पान उलटं धरून, शिरेशिरेला,
बाळाचं नाक पुसावं तसं.
झाकणात उरलं ते त्याने सिंकमध्ये ओतलं
आणि नळ बराच वेळ वाहू दिला.

मग दर मंगळवारी, दर शनिवारी.
खालच्या मजल्यावरच्या सार्दानाने लिंबू आणलं,
लाल कोळ्याने जाळं विणलेलं.
शाळेतल्या कुणीतरी फिकस पाठवला.
आमचं स्वयंपाकघर दवाखाना झालं;
त्याच्या शेवयांच्या ताटाला टेकायला जागा उरली नाही.

फेब्रुवारीत मी डब्यामागे हात घातला.
माझ्या रेघेखाली आणखी रेघा होत्या,
प्रत्येकीशेजारी तारीख,
त्याच्या त्या तिरक्या, ट्रकच्या नोंदवहीतल्या अक्षरात.
म्हणजे त्याला रेघ पहिल्यापासून ठाऊक होती.
शेवटच्या दोन रेघांमधलं अंतर
मी बोटाने मोजलं.
मग मोजलं म्हणून स्वतःलाच एक शिवी घातली.

जास्वंदीला कळी धरली, एकच, गळूनही गेली.
दुकानातली बाई विचारते, गेले का?
असं नाही सांगता येत.
मुळाशी, सालीच्या भेगेत, कुंडीच्या काठाखाली
एखादा बसलेला असतो; उन्हाची वाट बघत नाही,
उबेची बघतो.

रात्री दोनला पलंगाची ती बाजू रिकामी असते.
मी उठत नाही.
डोळे मिटून ऐकते: खुर्ची, दिव्याचं बटण,
भिंगाचा कुंडीला लागलेला टण आवाज.
खूप वेळ काहीच नाही.
पाइपमधून गरम पाणी चढतं, उतरतं.

मग त्याची हाक, कुजबुजती, थोडी खुशीतली:
"कुन्नेय, जागी आहेस?
एक सापडला."