न विचारता लागणारा टक्का

बाणेरच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
एसीचं पाणी जिथे बादलीत ठिबकतं
त्या कोपऱ्यात मी बसलेय.
नव्या सॉफ्टवेअरचं एक पान उघडं आहे:
मजुरी, माल, यंत्रं, पोटकंत्राट, इतर.
प्रत्येकापुढे एक रिकामी चौकट
आणि चौकटीशेजारी टक्क्याचं चिन्ह,
पानं मांडायच्या आधीच
पंगतीत येऊन बसलेल्या पाहुण्यासारखं.

निम्हण साहेब म्हणाले, "एकदाच काय ते भरून टाक.
पुन्हा कुणी विचारायला नको."
आणि भूमकर चौकातली गर्दी वाढायच्या आत
पुनावळ्याच्या साइटवर निघून गेले.

एकदाच.
माल: बारा. हे सोपं.
सिमेंटची पोती भिजतात, सळई कापताना तुकडे उरतात,
वाळूचा ट्रक मोजताना भरलेला असतो, ओतताना नसतो.
यंत्रं: दहा. जेसीबी उभा असला
तरी त्याचं भाडं धावतंच.
पोटकंत्राट: आठ.
त्याचा नफा त्याने आधीच धरलाय,
आपण वर फक्त सही चढवतो.

मजुरीशी थांबले.

आधी हे उकिडवे काका करायचे.
ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचा खण मला मिळाला:
पेन्सिलींची थोटकं, आवळासुपारीची डबी,
आणि निळ्या पुठ्ठ्याची वही.
वहीत 'नेहमीचा दर' असं कुठेच नाही.
प्रत्येक जादा कामापुढे वेगळा आकडा
आणि आकड्यानंतर, मुंगीएवढ्या अक्षरात, कारण.

"औंध, बंगला. बाई दर आठवड्याला फरशी बदलतात. बावीस."
"शाळेची संडासं, भोर. चार. त्यांच्याकडे नाहीतच."
"हिंजवडी, काचेची इमारत. पैसे नव्वद दिवसांनी.
अठरा. तरी कमीच."
"गुरुलिंगची माणसं रात्रभर स्लॅबवर.
यावर आपलं काही लावू नये. वरचं त्यांना द्यावं."

या शेवटच्या ओळीखाली साहेबांची सही आहे,
दोन हजार नऊची.
तेव्हा साहेब स्वतः स्लॅबवर असायचे,
असं गुरुलिंग सांगतो.
तो आता हजेरीच्या मशीनवर अंगठा दाबतो
आणि मशीन त्याला ओळखत नाही.
सिमेंटने रेषा खाल्ल्यात.
मग वॉचमन हाताने लिहून घेतो: आला.

चौकटीत पंधरा लिहिते.
पंधरा कुणालाच खटकत नाही.
काही न ठरवता ठरवल्यासारखं दिसायचं
तर पंधरा बरं.
खोडते. शून्य लिहिते.
सॉफ्टवेअर विचारतं: खात्री आहे?
बारा भरलं, दहा भरलं,
तेव्हा नव्हतं विचारलं.

साहेबांना फोन लावला. मागे मिक्सर.
"मजुरीवर किती धरू?"
"विचारायला नको म्हटलं होतं ना?"
"एकदाच विचारतेय."
मिक्सर फिरत राहिला. ते कुणावर तरी ओरडले,
पाणी कमी घाल रे!
मग म्हणाले, "काका किती लावायचे?"
"कारण बघून."
जरा वेळ नुसती खडीच ऐकू आली.
"कारणाला चौकट आहे का त्यात?"

आहे म्हणजे, आहे.
पार तळाला. 'शेरा'. ऐच्छिक.
दोनशे अक्षरं.

पंधराच ठेवलं शेवटी.
मात्र शेरा ऐच्छिक होता तो सक्तीचा केला;
सापडेना, चार पानं मागे-पुढे करावी लागली.
आता जादा काम कुणीही चढवो,
वाकडच्या साइटवरचा नवा पोरगा,
किंवा मार्चअखेरीला वैतागलेली मी,
एक ओळ लिहावीच लागेल: का.
बरेच जण नुसतं टिंब देऊन पुढे जातील.
माहीत आहे मला.

जतन केल्यावर राखाडी अक्षरं उमटली:
हा बदल फक्त नव्या करारांना लागू होईल.
आधीच्या नोंदी आहेत तशा राहतील.

वही खणात परत ठेवली.
बादली काठोकाठ आली होती, ती ओतून आले.