पानाच्या बाजूनं

कपिलतीर्थ मार्केटात मी अळूचं एकच पान मागितलं.
भाजीवाली म्हणाली, "एका पानात वडी हुती व्हय?"
"वडी नको, मावशी. बघायचंय."
तिनं पैसे घेतले नाहीत,
पण शेजारणीला कोपरानं ढोसून सांगितलं,
"बगायला न्हेतीया."

सूक्ष्मदर्शकाखाली पान म्हणजे
लहान लहान उंचवटे, त्यांवर मेणाची लव,
आणि मधल्या फटींत दबून बसलेली हवा.
थेंब पानाला टेकतच नाही,
चवड्यांवर उभा राहतो,
जरा कल दिला की निघून जातो,
मागे ओल न ठेवता.
अळवावरचं पाणी, म्हणत आले सगळे,
टिकत नाही म्हणून हळहळले.
ती म्हण पाण्याच्या बाजूनं बोलते.
पान कोरडं राहिलं, हे कुणी सांगितलं नाही.
मी पाच वर्षं पानाच्या बाजूनं आहे.

बिडाच्या तुकड्यावर तसंच पान उगवायचं, एवढंच माझं काम.
तुकडे शिरोलीहून यायचे, एका फौंड्रीतून,
हिंदुराव लोहारांच्या पिशवीत,
जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून.
मामा चाळीस वर्षं मोल्डिंगला होते.
आता तुकडे पोचवायचं निमित्त करून चहाला यायचे.

तुकडा घासायचा, द्रावणात बुडवायचा,
सावकाश वर काढायचा, हात न थरथरता,
भट्टीत तासभर, एकशेवीस अंशांवर.
मग ड्रॉपरनं एक थेंब.
भिजवलेल्या साबुदाण्यासारखा उभा राहिला,
तुकडा कलताच घरंगळला, गेला.
यासीन मुजावरनं तो खेळ अकरा वेळा केला.
मामांनी तुकडा हातात घेतला
आणि अंगठ्याच्या नखानं त्यावर एक रेघ ओढली.
"नखाला टिकंना. पंचगंगंला काय टिकंल?"

महापुरात त्यांचा लेथ नऊ दिवस पाण्यात उभा होता.
पाणी उतरल्यावर त्यांनी तो डिझेलनं पुसला,
म्हैस धुतात तसा, कानामागंसुद्धा.
तरी चक फिरला नाही.

तुकडा मिठाच्या फवाऱ्याच्या पेटीत गेला, रेघेसकट.
यासीनच्या रजिस्टरात नोंद आहे, वळणदार अक्षरात:
शहाण्णव तास. डाग एक. जागा, मामांचं नख.

त्यानंतर मी खालून सुरुवात केली.
आधी जस्त, त्यावर घट्ट धरून बसणारा थर,
आणि सगळ्यात वर ते पाणी पळवणारं पान.
झटकायच्या आधी धरायला शिकावं लागतं.
हे वाक्य प्रबंधात बसलं नाही,
सरांनी तिथं आलेख घालायला सांगितला.

दिवाळीनंतर मामा भोसरीला गेले, मुलाकडे.
डोळ्यांना कमी दिसतं,
एकट्याला रस्ता ओलांडू देत नाहीत म्हणे.
परवा कपाट आवरताना कॅलेंडरच्या कागदात
एक तुकडा निघाला, लेप न दिलेला.
कागदावर सप्टेंबर, तुकड्यावर गंजाचा अंगठा.
घामाचं मीठ, हवेतली ओल, बाकी काही नाही.
वळ्या मोजता येतील इतक्या स्पष्ट,
मधे एक आडवी चीर,
मामा कप धरायचे तेव्हा
जी माझ्या बाजूला यायची.

गंज थांबत नसतो.
पावसाळ्यापर्यंत वळ्या एकमेकींत मिसळतील,
मग नुसता तांबडा डाग.
ठेवायचा असेल तर लेप द्यावा लागेल.
आणि लेप देण्याआधी तुकडा घासून लख्ख करावा,
हा माझाच नियम, प्रबंधाचं पान चौतीस,
खाली जाड अक्षरात: अपवाद नाही.

यासीन पेन उघडून बसलाय.
"मॅडम, नमुना क्रमांक काय टाकू?"
द्रावणाच्या बाटलीचं बूच टेबलावर,
वास खोलीभर पसरत चाललेला.
"थांब जरा," मी म्हणते,
"बघायचंय."