२०७९ साली साफ केलेला फिल्टर

तीन दिवस तोझ होता.
इथलं धुळीचं वादळ ते. गरजत नाही,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखं
दारात बसून राहतं, काही न बोलता.
जहराच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, खजुरीची झाडं
सगळं एकाच रंगाचं.

चौथ्या दिवशी सहाव्या रिंग रोडच्या पुलावर
गाडी खोकली.
मागच्या डब्यात चार शवर्मा, दोन लबन,
मुठीत पूर्ण पिळलेला ॲक्सिलेटर,
आणि वेग म्हणाल तर बैलगाडीचा.

शफीउल्ला मिस्त्री दुकान बंद करता करता म्हणाला,
फिल्टर बघ.
आतून बाहेर फुंक, बाहेरून आत नको,
धूळ आणखी खोल जाते.
आणि धुवू नकोस, कागद आहे तो, तुझी पँट नाही.
सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत.
नव्या फिल्टरचे घेतले. अडीच दिनार.

कॅम्पच्या पायरीवर सीट काढली,
बाजूचं झाकण काढलं. चार स्क्रू.
चौथ्याचं डोकं आधीच कुणीतरी खाल्लेलं,
पक्कड लावून, शिव्या देऊन, निघाला.
मग तो निघाला: घड्याघड्यांचा कागद,
नाचणीच्या पिठाने भरलेला,
घड्या एकमेकींना चिकटलेल्या,
मध्ये एक माशी, पंखांसकट, सुकून गेलेली.
उंबऱ्यावर आपटला.
इतकी धूळ पडली की मी मागे सरलो.
ती कुठली? इराकची, नजदची, की
रोज नव्वद किलोमीटरची माझीच?
फुंकून पाहिला. उजेडासमोर धरला. उजेड आला नाही.
कचऱ्यात टाकला.

नवा बसवण्याआधी ओल्या फडक्याने
डबा पुसला, झाकण आतून पुसलं,
आणि झाकणावर अक्षरं उमटली.
मार्करची. आपली. म्हणजे देवनागरी.
*२०७९ भदौ ४, सफा गरें।*
*२०७९ कात्तिक २१, सफा।*
*२०७९ फागुन, फेरें।*
*२०८० असार १२, सफा गरें।*
त्यापुढे काही नाही.

दोनदा वाचलं.
अजून चोपन्न वर्षांनी कुणीतरी
ही गाडी साफ करून गेला होता.
चोपन्न वर्षांनी मी नसेन,
गाडी असेल, धूळ तर असेलच.
पायरीवर बसल्या बसल्या अंगावर काटा आला,
बेचाळीस डिग्रीत.

खिमानंद आंघोळ करून आला, टॉवेलातच,
झाकण हातात घेतलं आणि हसत सुटला.
अरे, आमचं साल पुढे चालतं!
*फेरें* म्हणजे बदलला, फेऱ्या नव्हेत.
मग हसू ओसरल्यावर एकेक तारीख
बोटाने परत वाचली, हळू,
पत्र वाचावं तशी.
कोण होता? त्याला ठाऊक नव्हतं.
ऑफिसात अबू हानीला विचारलं तर तो म्हणाला, गेला.
कुठे गेला, ते त्याच्या रजिस्टरात नसतं.
एवढंच कळलं की गाडी वर्षभर
गोदामाच्या मागे नंबरप्लेटशिवाय उभी होती.

खाली माझी तारीख लिहायची
तर मला माझं साल आठवेना.
निर्मलाताईला फोन केला:
आपलं शके कितवं चालू आहे गं?
एकोणीसशे सत्तेचाळीस. का रे,
कुणाचं लग्न ठरवतोयस?
तिला काय सांगणार, फिल्टरचं.

म्हणून आता झाकणाच्या आत असं आहे:
वर एक माणूस २०८० मध्ये,
त्याच्या खाली मी, १९४७ मध्ये,
ज्येष्ठ वद्य पंचमी, *बदलला.*
दोघांच्या मध्ये गाडी, जिला
फक्त किलोमीटर मोजता येतात.

फिल्टर बसवला. खाचेत नीट बसला की
टक् असा आवाज येतो, तो आला.
चौथा स्क्रू अर्धाच फिरला. राहू दे,
पुढच्याला तो हातानेच काढता येईल.
किक मारली. दुसऱ्या किकला सुरू.
आवाज मोकळा,
सर्दी गेल्यावर नाकाला
पहिल्यांदा कांद्याचा वास यावा तसा.

फोन वाजला. नवी ऑर्डर. नसीम, ब्लॉक तीन,
लबन जास्त, मिरची नको.